आत्याचे दोन हात

माझ्या आत्याच्या तपासणीतून सुटलेला माणूस बुऱ्हाणपुरात अजून जन्मायचा आहे. ती बुधवारा मोहल्ल्यातल्या मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची आणि ते शाळेपुरतं ठेवणं तिला कधीच जमलं नाही. शरीरात पहारा देत फिरणाऱ्या नैसर्गिक मारक पेशी तिच्या विशेष लाडक्या. "आधीची ओळख लागत नाही त्यांना," ती कौतुकाने सांगे. "भेटेल त्या पेशीला चाचपतात. अंगावरचे रिसेप्टर म्हणजे त्यांचे हातच. एक हात घरची खूण शोधतो. सापडली की म्हणतो, जाऊ दे, आपलीच आहे. दुसरा संकटाची खूण शोधतो. सापडली की म्हणतो, धर हिला. ज्याचा जोर जास्त, त्याचं ऐकायचं."

आत्याही तशीच. धरायची मात्र नुसती, मारायची नाही. चुलतबहिणीच्या लग्नात पाहुण्यांना गंध लावून आत सोडायचं काम तिच्याकडे होतं. वऱ्हाडाच्या पानात मावा जिलेबी आली नाही म्हणून एक गृहस्थ घामाघूम होऊन स्वयंपाकाकडे धावले. कपाळ कोरं, चेहऱ्याचा रंग उडालेला. आत्याने मनगटच पकडलं.

"अहो मॅडम, मी नवरदेवाचा बाप!"

"अंदर घुसणारा हरेक जण तेच सांगतो."

गंध घामात वाहून गेलं होतं. आत्याने माफी मागितली, नवं गंध लावलं, स्वतः जिलेबी वाढली आणि रुसलेल्या व्याह्यांना वर ऐकवलं, "खूण पुसून असं घाबरत पळालात, तर पेशीसुद्धा धरतील हो!"

मला वाटायचं, मी घरची, मला काय भीती? एम.एस्सी.ला याच पेशींवर सेमिनार द्यायचा होता. चुकला तर वर्ष वाया. पण चार लोकांसमोर माझा आवाजच फुटत नाही. आदल्या सकाळी मी तापाचं निमित्त काढून पडून राहिले. आत्याने कपाळावर हात ठेवला.

"ताप नाही. थरथरतेस मात्र."

"मी ठीक आहे, आत्या."

"घरची आहेस म्हणून सोडीन असं समजू नको, बेटा. संकटाची खूण फार वाढली की घरच्या पेशीलाही धरतात त्या. चल, ऊठ."

तिने मला थेट तिच्या वर्गासमोर उभं केलं. आवाज दोनदा फाटला. मग मी व्याह्यांची गोष्ट सांगितली. मुली इतक्या हसल्या की थरथरायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी तेच सगळं इंग्रजीत, शेवटपर्यंत बोलले.

आता मी परगावी एका प्रयोगशाळेत काम करते. संध्याकाळी आत्याचा फोन येतो.

"ठीक ना?"

"ठीक."

"म्हणतेस खरी. पण इथून हात पोचत नाही ना गं."

मग आजूबाजूला कोणी नाही असं बघून मी फोन क्षणभर कपाळाला टेकवते.