कौलाच्या मागचं नाव

शेजारी कुंपणासाठी ओकच्या ताज्या फळ्या कापतोय. तो आंबूस वास खिडकीतून आला आणि मी एकदम इथल्याच, इंग्लंडमधल्या मेडनहेडजवळच्या एका छोट्या चर्चच्या आवारात जाऊन पोचले.

२००६चा उन्हाळा होता. आईला जाऊन वर्ष झालं होतं आणि बाबा पहिल्यांदाच पुण्याहून माझ्याकडे आले होते. चर्चच्या जुन्या मनोऱ्यावरची लाकडी कौलं कुजली होती. ओकची नवी चढवण्याआधी गावातल्या कुणीही यावं आणि एखाद्या कौलाच्या मागे आपल्या माणसाचं नाव लिहावं, असं बोलावणं होतं.

कामावरचा सुतार म्हणाला, "वरची बाजू पावसाने करडी होईल, पण मागचं नाव कोरडं राहील." मी ते बाबांना मराठीत सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, मार्कर घेतला आणि सावकाश लिहिलं, 'कमल'.

आईचं नाव सुनंदा होतं.

"बाबा, ही कोण?"

"तुझी आईच. लग्नात मी नाव बदललं. ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलं होतं नवं."

"तिला चाललं?"

शाई वाळेपर्यंत ते कौल हातात धरून उभे राहिले.

"विचारलं नव्हतं."

परतताना गाडीत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. त्यांना खोटंही सांगता आलं असतं, हे मला फार उशिरा सुचलं. तोवर बाबाही गेले होते.

त्या रस्त्याने जाताना अजून मनोरा दिसतो. कौलं आता सगळी सारखीच करडी झालीत. गाडीत एकटी असले की मी एकदा मोठ्याने "कमल" म्हणते. आमच्या घरात तिला या नावाने कधी कुणी हाक मारली नाही.