रेक्झिनच्या बाईचं बाळंतपण

"सिस्टर मार्थांना काढायचं ठरलंय," आप्पा म्हणाले. "तुम्हाला विचारायला बोलावलेलं नाही, कळवायला बोलावलंय."

आप्पा आमच्या ट्रस्टचे अध्यक्ष. श्रीरामपूरच्या बाजारात त्यांची आडत होती. हॉस्पिटलचा कारभारही ते आडतीसारखाच चालवत. त्यांनी खुर्ची दाखवली, तरी मी बसले नाही. बसून भांडलं की आवाज निम्मा होतो. माझे वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. मुकादमाशी कसं बोलायचं ते मी त्यांच्याकडे बघून शिकले आणि त्यावरच डॉक्टर झाले. फुकट मला कुणी काही दिलेलं नाही.

प्रकरण असं होतं. आदल्या आठवड्यात आमच्या लेबर रूममध्ये एका बाळाचं डोकं बाहेर आलं आणि बाळ तिथंच थांबलं. बाळाचा वरचा खांदा आईच्या पुढच्या हाडामागे अडकला होता. हे क्वचित होतं, पण होतं. बाहेर आलेलं डोकं कासवासारखं पुन्हा मागे ओढलं जातं, तीच त्याची खूण. त्यानंतर हातात चार-पाच मिनिटं असतात. तेवढ्यात बाळ निघालं नाही तर ते जातं. घाबरून मान ओढली तर बाळ वाचतं, पण मानेतल्या नसा ताणून हात लुळा पडतो. आमचं ते बाळ वाचलं, उजवा हात मात्र लुळा पडला. पुढे मालिश आणि व्यायामानं तो बराच सुधारला, पण त्या आठवड्यात ते कुणाला माहीत होतं?

बाळंतपण सिस्टर मार्था करत होत्या. नॉर्मल केस सिस्टरनंच करायची, ही आमच्याकडची पद्धत. डॉ. पाठक समोरच्या ओपीडीत होते. ते उशिरा पोहोचले. त्यांनी अहवाल दिला, "सिस्टरनी वेळेत कळवलं नाही." सिस्टर म्हणत होत्या, कळवलं. दोघंही खोटं बोलणारी माणसं नव्हती.

पाठकांबद्दल इथंच सांगून टाकते. वॉर्डात चार खाटा होत्या तेव्हापासून मी तिथं राबत होते. खाटा वाढल्या, विभागप्रमुखाची जागा निघाली, तेव्हा पाठकांना पुण्याहून आणलं. ते एका ट्रस्टींचे साडू. माझा अर्ज पोचला की नाही हेही मला कुणी सांगितलं नाही. तेव्हा त्यांच्याविषयी मी गोड लिहीन अशी अपेक्षा ठेवू नका.

मी आप्पांना म्हटलं, सिस्टरला काढाल आणि नवी आणाल, तर तीही हेच करील. चूक एकीची नाही, सगळ्यांना मिळून काय करायचं तेच कुणाला माहीत नाही. मला महिना द्या, मी सराव घेते.

"पंधरा दिवस," आप्पा म्हणाले.

"महिना. रोज दुपारी एक तास."

"रोज नाही. आठवड्यातून एकदा."

"तीनदा."

"दोनदा. आणि ट्रस्टचा खर्च शून्य."

"दोनदा चालेल. पण पाठकांनीसुद्धा यायचं."

"ते तुम्हीच सांगा त्यांना."

"मी सांगितलं तर ते मुद्दाम यायचे नाहीत. तुम्ही सांगा."

आप्पा हसले. सौदा जमला की ते असंच हसत. मार्थांचा निर्णय महिनाअखेरीपर्यंत पुढे गेला. बाहेर येऊन मी मार्थांना सांगितलं, तेव्हा त्या नुसत्या मान हलवून वॉर्डात गेल्या. नवरा अंथरुणाला खिळलेला, दोन मुली शाळेत. घर त्यांच्या पगारावर चालत होतं.

आता सराव म्हणजे काय? मुंबईला एका परिषदेत मी परदेशी प्लास्टिकचं मॉडेल बघितलं होतं. आईचं कंबरेचं शरीर आणि आत घालायचं बाळ. खऱ्या पेशंटला हात न लावता त्यावर टीमनं पुन्हा पुन्हा बाळंतपण करायचं. वैमानिक जमिनीवरच्या खोट्या विमानात शिकतात, तसंच. ते मॉडेल विकत घेणं माझ्या आवाक्याबाहेरचं होतं. म्हणून मी गेले बाबूभाईंकडे. बाबूभाई ट्रॅक्टरच्या आणि टेम्पोच्या सीटा शिवत.

मी कागदावर चित्र काढून दाखवलं. कंबर, दोन मांड्या, मधे वाट, पोटाच्या बाजूला माझे हात आत जातील एवढी फट. बाबूभाईंनी चित्र बघितलं, दुकानात कोण कोण आहे ते बघितलं आणि कागद उलटा ठेवला.

"मॅडम, हे काम बायकामाणसाच्या हातचं आहे."

"तुमच्या दुकानात बाईमाणूस आहे का?"

"नाही."

"मग तुम्हालाच करावं लागेल. आणि दोन दिवसांत हवंय."

अर्धा तास घासाघीस झाली. शेवटी त्यांनी शिल्लक रेक्झिनमध्ये करून द्यायचं कबूल केलं, म्हणून आमची बाई लाल मांडीची आणि हिरव्या पोटाची झाली. आत काथ्या, पुढच्या हाडाच्या जागी लाकडाची कमान. बाळ मांजरपाटाचं, आत वाळू आणि कापूस. बाळाच्या मानेला मी मुद्दाम कच्चा दोरा घालायला सांगितला. बाबूभाई म्हणाले, तुटेल. मी म्हटलं, तुटायलाच हवा.

पहिला सराव मी पाठकांना न सांगता घेतला. रेक्झिनची बाई टेबलावर ठेवली, वर चादर घातली. मी पोटाशी बसून आतून बाळ धरलं. मार्था खाली बसल्या, सुलामावशी बाजूला. सुलामावशी आमच्या जुन्या आया. मी डोकं बाहेर ढकललं आणि मागे ओढून घेतलं. मार्थांना ते लगेच दिसलं. बाहुली असूनही त्यांचा चेहरा उतरला. त्या वळून हलकेच म्हणाल्या, "मावशी, साहेबांना जरा बोलवा."

मावशी निघाल्या. पळत नव्हे, चालत. पॅसेजमध्ये पेशंटची नातेवाईक मंडळी बसलेली असत. त्यांच्यातून वाट काढत त्या ओपीडीच्या दारात गेल्या आणि म्हणाल्या, "साहेब, सिस्टर बोलावत्यात." पाठक म्हणाले, आलो. समोरच्या पेशंटचं प्रिस्क्रिप्शन पुरं केलं, हात धुतले, आले. दारातून रेक्झिनची बाई दिसल्यावर ते संतापले.

"हा काय पोरखेळ चाललाय?"

"बाळ गेलं, सर," मी म्हटलं.

ते घड्याळाकडे बघत उभे राहिले. मग मावशींवर घसरले, "अर्जंट आहे असं सांगायचं नाही का?"

त्यात त्यांचं चुकत नव्हतं. हे कबूल करताना माझ्या जिवावर येतं, पण नव्हतं. 'सिस्टर बोलावत्यात' हा निरोप त्यांना दिवसातून दहादा यायचा. कधी सही हवी असायची, कधी सलाईन बदलायचं असायचं.

मी मावशींना विचारलं, बाळ अडकलंय असं सरळ का नाही सांगितलं?

मावशी माझ्याकडे मी काहीतरी अभद्र बोलल्यासारखं बघू लागल्या. "मॅडम, बाळ जन्माला येतंया आन् मी अडाकलं म्हनू? बाहेर तिची सासू बसलेली. माज्या तोंडून न्हाई निघायचं."

मार्थांनी मान खाली घातली. त्या चर्चला जाणाऱ्या, शकुन-अपशकुन मानत नव्हत्या. पण लेबर रूममध्ये वाईट नाव घ्यायचं नाही, हे त्यांच्याही अंगात भिनलेलं होतं. आमच्याकडे रक्तस्राव झाला तरी 'जरा जास्त जातंय' म्हणत. झटके आले तरी 'पेशंट जरा वेगळं करतीय' म्हणत. सगळं हळू आवाजात. मायेनं, पेशंट घाबरू नये म्हणून. त्या बाळाचा हात या मायेपायी गेला होता.

मी आवाज चढवला. म्हटलं, 'खांदा अडकला' एवढे दोन शब्द, मोठ्यानं.

"खांदा तर मुळीच न्हाई," मावशी म्हणाल्या. "खांदा मयताला देत्यात."

मी टेबलावर हात आपटला. मावशी जागच्याही हलल्या नाहीत. सासरी अर्धं आयुष्य काढलेल्या बाईला माझ्या ओरडण्याचं काय वाटणार? तेव्हा मी बाजारातली रीत धरली. समोरचा एका गोष्टीवर अडून बसला तर ती सोडायची आणि दुसरी मागायची. मी विचारलं, काय झालं ते नका सांगू, पुढे काय करायचं ते तर सांगाल?

"काय करायचं असतं?" मावशींनी विचारलं.

"पहिलं काम, आईचे दोन्ही पाय गुडघ्यात दुमडून पोटाकडे वर न्यायचे. त्यानं कंबरेतली वाट मोकळी होते."

"मग 'पाय वर' म्हनीन की. त्यात काय वाईट हाय?"

ठरलं. डोकं मागे गेलेलं दिसलं की ज्याला दिसेल त्यानं 'पाय वर' म्हणायचं, पॅसेजच्या टोकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. ऐकेल त्यानं हातातलं सोडून यायचं. पाठकांनीसुद्धा. मी त्यांच्याकडे बघितलं. ते "ठीक आहे" म्हणाले आणि ओपीडीत निघून गेले.

तरी सगळं लगेच जमलं नाही. मावशींना दुसरीच सवय होती. बाळ थांबलं की त्या स्टुलावर चढत आणि पोटावर वरून दाब देत. जुन्या बायका तसंच करत, आणि मी शिकत होते तेव्हा डॉक्टरही तसंच करायला सांगत. पण दारात तिरकं अडकलेलं कपाट मागून ढकललं तर चौकटीत आणखी रुततं. दाब खाली, हाडाच्या लगेच वर, बाजूनं द्यायचा, म्हणजे खांदा निसटतो. मी आतून बाळ धरून बसायची. मावशी सवयीनं वरून दाबत आणि माझी बोटं चेंगरत. "मावशी, माझा हात मोडाल," मी ओरडायची. त्या म्हणायच्या, "तुमी आत बसताच कशाला?" आणि सगळ्या हसायच्या. तिसऱ्या आठवड्यात मी ते स्टूलच उचलून स्टोअरमध्ये टाकलं.

पाठक अखेर एकदा पूर्ण सरावाला आले, आप्पांच्या सांगण्यावरून. पाय वर घेतले गेले. पाठकांनी दोन्ही हातांनी बाळाचं डोकं धरलं. मी आतून घट्ट धरून ठेवलं होतं. त्यांनी ओढलं. कच्चा दोरा तुटला आणि मुंडकं त्यांच्या हातात आलं. वाळू त्यांच्या बुटांवर सांडली.

कुणी हसलं नाही. मला हसायचं होतं, कित्येक वर्षांचं साठलेलं हसू होतं. पण त्यांचा चेहरा बघून ते आत राहिलं. त्यांनी मुंडकं टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "शिवून घ्या. मी परवा पुन्हा येतो." आणि ते आले. तिथून पुढे एकदाही चुकले नाहीत. हेही लिहिणं भाग आहे.

महिना संपला त्या दिवशी सकाळी मी आप्पांच्या ऑफिसात होते. ऑफिस पॅसेजच्या टोकाला. आप्पांनी काढण्याचं पत्र टाइप करून घेतलं होतं, सही बाकी होती. सराव केला, चांगलं झालं, पण ट्रस्टींपुढे काही दाखवावं लागतं, असं ते म्हणत होते. मी म्हणत होते, सिस्टर गेल्या तर मीही जाते, मग तुमचा वॉर्ड पाठक एकटे चालवतील. ते म्हणाले, धमकी देता का? मी म्हटलं, भाव सांगते.

तेवढ्यात पॅसेजमधून सुलामावशींचा आवाज आला.

"पाय वर!"

तो आवाज बाजारापर्यंत गेला असेल. आप्पा दचकून म्हणाले, काय झालं? मी पळाले. समोर ओपीडीचं दार सताड उघडं होतं आणि खुर्ची उलटी पडली होती. म्हणजे पाठक माझ्या आधी निघाले होते.

मी दारात पोहोचले. टेबलावर राहात्याकडची एक बाई होती, दुसरं बाळंतपण, मोठं बाळ. एक सिस्टर आणि धावत परतलेल्या मावशी, दोघींनी तिचे पाय दोन बाजूंनी वर धरले होते. पाठक बाजूला उभे राहून तळहातानं हाडाच्या वर दाब देत होते. खाली मार्था होत्या. पाठकांनी त्यांची जागा घेतली नव्हती. मार्थांचे हात बाळाच्या डोक्याभोवती होते, पण त्या ओढत नव्हत्या. त्या बाईला सांगत होत्या, "ताई, आता थांब. आता कळ दे. शाब्बास."

माझी बोटं आपोआप वळली, जणू आत मीच बाळ धरून बसले होते.

मग खांदा निसटला. पुढचं सगळं एकदम झालं. मार्थांच्या हातात बाळ आलं, निळसर, गप्प. त्यांनी पाठ चोळली, नाक-तोंड साफ केलं. बाळ रडलं. रडताना त्यानं दोन्ही हात वर फेकले. मी उजवा बघितला, डावा बघितला, पुन्हा उजवा बघितला. दोन्ही हलत होते.

मार्था जमिनीवर बसल्या. मावशींनी पाय सोडले आणि पदरानं तोंड पुसलं. पाठकांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी भिंतीला टेकले आणि महिनाभरात पहिल्यांदा मला दमल्यासारखं वाटलं.

पॅसेजमध्ये आप्पा उभे होते. त्या बाईची सासू त्यांचे हात धरून रडत होती, म्हणत होती, "साहेब, तुमची मान्सं लई चांगली हायेत." आप्पा वळून मला म्हणाले, "मार्था राहतील. पण तुमचा सराव महिन्यातून एकदाच. त्याच्या वर नाही."

एरवी मी चारवर अडून दोनवर आले असते. त्या दिवशी मी पहिल्याच बोलीला हो म्हटलं.

वार्षिक सभेत आप्पांनी डॉ. पाठकांना शाल-श्रीफळ दिलं. माझं नाव आलं नाही, ते मी अजून विसरलेले नाही. मार्था मात्र पुढे निवृत्त होईपर्यंत त्याच वॉर्डात होत्या.

या धंद्यात मला एवढंच कळलं. ऐन वेळी माणसाला शहाणपण सुचत नाही, हात सवयीचंच करतात. म्हणून सवय आधी लावावी लागते, कुणाचा जीव टांगलेला नसताना, आणि लोक हसले तर त्यांना हसू द्यावं.