एकाच पुडीतले क्रिस्टल

पत्नी वासंतीबाईंना जाऊन तीन महिने झाले, तरी राजाभाऊ रडले नव्हते. पंजाबातल्या खरडच्या फ्लॅटमध्ये नुसते बसून असायचे. शेजारच्या सरदारणी भाजी आणून द्यायच्या, "खा लो जी," म्हणायच्या. हे खायचे. कसली भाजी होती, विचारलं तर सांगता आलं नसतं.

एकच गोष्ट हवी होती, नामदेवशी बोलणं. हवाई दलात दोघं वीस वर्षं वायरलेसवर एकत्र. आता नामदेव मिरजेला, पक्षाघाताने वाचा गेलेला. मोबाईलची अक्षरं त्याच्या डोळ्यांपुढे नाचायची, पण डाव्या हाताने टिंब-रेघांचा मोर्स मात्र पक्का. म्हणून राजाभाऊंनी स्वस्तातले दोन बिनतारी मोर्स-संच जुळवले, मूठभर सुटे भाग घालून, आणि एक मिरजेला धाडला.

रोज सकाळी सातला ते हाक द्यायचे. कुठले कुठले हौशी रेडिओवाले कानात वाजायचे, नामदेवचाच तेवढा पत्ता नाही. अकरा दिवस! नकोसा झालो की काय याला? फोन करून विचारायची उमेद नव्हती. वाईट वाटायला हवं होतं, तेही वाटेना.

बाराव्या दिवशी नामदेवच्या मुलीचा, सुरुचीचा फोन आला. "काका, असं काय करता हो? बाबा रोज सातला बोलावतात, तुम्ही उत्तरच देत नाही. आज संच उचलून ठेव म्हणून खुणावलं त्यांनी."

राजाभाऊ संचाकडे बघत राहिले. हात्तिच्या! लहर ठरवणारे दोन्ही क्रिस्टल एकाच पुडीतले, दोन्ही लहरी तंतोतंत सारख्या. असल्या संचात कानाला ऐकू येतो तो आपली आणि येणारी, या दोन लहरींमधला फरक. फरकच नाही, तर वाजणार काय, कपाळ? जन्मभर वायरलेसवर बसलेल्या माणसाला हे सुचू नये!

"उद्या सातला लाव म्हणावं," एवढंच ते बोलले. मग क्रिस्टलला एक चिमुकला कपॅसिटर जोडून आपली लहर जराशी बाजूला सरकवली.

सकाळी सातला कान लावला. आला! नामदेवचाच हात, शेवटची रेघ ताणणारा. एकेक अक्षर जुळत गेलं: राजा. वहिनी गेल्या. येऊ शकलो नाही. रागावलास?

अकरा सकाळी तो हेच विचारत होता.

राजाभाऊंनी उत्तराला हात उचलला आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांना हुंदका आला. हुंदक्यांत एक टिंबही पाडता येईना.

तिकडे मिरजेला काहीच ऐकू गेलं नाही. नामदेवने पुन्हा विचारलं, रागावलास?