माळेची नवी अट

जिभाऊ राम राम नंतर करायचे. आधी अंगठ्याने समोरच्याची खालची पापणी ओढायचे आणि म्हणायचे, "डोया दखाड." डोळा दाखवला आणि तो पांढराफेक निघाला, की त्यांचा चेहरा जरा पडायचा. निरोगी माणसाबद्दल एवढी नाराजी सुरतेतल्या आमच्या नवागामात दुसऱ्या कुणी दाखवली नसेल.

तुमच्याही ओळखीत कावीळ उतरवणारा असा एखादा असेलच. आमचे हे जिभाऊ धुळ्याकडचे. आठवडाभर लूमच्या खात्यात साडीचं कापड विणायचे आणि रविवारी सकाळी घराच्या ओट्यावर बसून कावीळवाल्यांना माळ घालायचे. माळ म्हणजे कुठल्याशा वेलीच्या काड्यांचे तुकडे, दोऱ्यात गाठी मारून ओवलेले. ती आधी डोक्यावर ठेवायची. काड्या सुकून बारीक होतात, गाठी सैल पडतात आणि माळ लांबत लांबत गळ्यात, मग पोटापर्यंत येते. तिच्याबरोबर कावीळही उतरते, अशी सगळ्यांची खात्री होती. बहुतेक काविळी आपल्या आपण बऱ्या होतात, हे माळेला ठाऊक असावं, कारण तिला कधी घाई नसे.

वेल कोणती, हे जिभाऊ गुपित ठेवत. अर्थात ती तोडून आणायची आणि गाठी मारायच्या त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या माईंनी. मोबदला म्हणून ते फक्त नारळ घ्यायचे आणि गल्लीत वाटून टाकायचे. त्यामुळे गल्लीत प्रत्येक घरी खोबऱ्याची चटणी असायची आणि कुणाला कावीळ नसलेला आठवडा बायकांना जड जायचा. समोर माझी पिठाची गिरणी होती. माळेसाठी आलेली माणसं माझ्या बाकड्यावर बसायची, बसल्या बसल्या घरी दळण आहे हे त्यांना आठवायचं. तेव्हा माळेवर माझाही थोडा विश्वास होता, असं म्हणायला हरकत नाही.

प्लेगच्या धास्तीने गावाकडे पळालेली माणसं सुरतेत परतली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात जिभाऊंनी काळा गॉगल घेतला. डोळे आलेत, म्हणाले. बरेच दिवस झाले तरी डोळे काही जाईनात. खात्यातसुद्धा गॉगल लावूनच मागावर उभे राहायचे, तेव्हा शेठ हसायचा. मग अंगाला खाज सुटली, जेवण जाईना, पँट कंबरेवर थांबेना. एकदा दळण घ्यायला आले आणि घाम पुसायला त्यांनी गॉगल काढला. डोळे हळदीचे झाले होते. सदऱ्याच्या आत माळ होती, बेंबीपर्यंत आलेली. नियमाप्रमाणे माईंनी घातली होती, कारण घालणाऱ्याने स्वतःला घालायची नसते.

माळ उतरली होती, कावीळ चढली होती. गल्लीला कळलं तर काय, एवढीच त्यांना काळजी.

मी त्यांना स्कूटरवर घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी झाली, बाकीच्या तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी सांगितलं की स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. जिभाऊंनी हा अवयव आपल्याला आहे याचीच आधी खात्री करून घेतली. एवढी वर्षं पोटात राहून कधी आवाज दिला नाही, म्हणाले, भाडेकरू चांगला होता. डॉक्टर हसले नाहीत. त्या गाठीने पित्ताची वाट दाबली होती. आता ती काढण्यासारखी राहिली नव्हती. पोट उघडून पित्ताला दुसरी वाट करून देता येईल, कावीळ जाईल, आजार राहील. डोळे पिवळे दिसले तेव्हाच आला असता तर कदाचित काढता आली असती, हेही ते म्हणाले. येताना जिभाऊ स्कूटरवर मागे बसले होते. मला फार वाईट वाटत होतं, आणि गियर बदलण्यापलीकडे काही सुचत नव्हतं.

ऑपरेशन झालं आणि डोळे खरंच पांढरे झाले. झालं! जिभाऊने स्वतःची कावीळ उतरवली, ही बातमी पार पर्वत पाटियाच्या वस्तीपर्यंत गेली. रविवारी रांग दुप्पट झाली. जिभाऊंनी ओट्यावर उभं राहून सांगितलं की हे माळेचं काम नाही, डॉक्टरचं आहे. माळेच्या नादात मी उशीर केला, तुम्ही करू नका. लोक गहिवरले. एवढं मोठं काम करून श्रेय दुसऱ्याला देतो, याला म्हणतात माणूस. त्यांनी सदरा वर करून टाके दाखवले. रांगेतल्या एकाने शेजारच्याला समजावलं की ते अपेंडिक्सचे आहेत.

मग सल्ले सुरू झाले. कुणी गव्हांकुराचा रस आणला, कुणी गोमूत्र, कुणी नाशिकच्या वैद्याची काळी पुडी. भेटायला येणारे पाहुणे आजारावर खाली आवाजात बोलायचे आणि जाताना नारळ न्यायचे. जिभाऊंना दोन घास पोटात ठरत नव्हते. पाठीतून कळ निघायची. पुढे वाकून बसलं की ती जरा कमी व्हायची, म्हणून ते माझ्या बाकड्यावर गुडघ्यांवर कोपरं टेकून वाकून बसत. लोकांना वाटे, जप चाललाय. येणारे-जाणारे लांबून हात जोडायचे.

असेच वाकलेले असताना एकदा मला म्हणाले, "खरं सांगं ते कोन्ही आयकत नही. आते खोटं सांगी दखस."

पुढच्या रविवारी त्यांनी जाहीर केलं की माळेची अट बदलली आहे. आधी मोठ्या दवाखान्याची पायरी चढायची, पोटाची सोनोग्राफी करायची, डॉक्टर सांगेल ते सगळं करायचं, आणि मगच यायचं. त्याआधी घातली तर माळ उलटते. उलटते म्हणजे काय, हे एकानेही विचारलं नाही. जिवाच्या कळकळीने सांगितलेलं ज्यांना पटलं नव्हतं, ते सगळे अट ऐकून गुपचूप उठले आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागले. मी गिरणी चालवतो, माणसाच्या डोक्याचं पीठ कसं होतं हे मला कळायला हवं होतं. पण त्या दिवशी मीही चकित झालो.

पर्वत पाटियाकडच्या एका बाईच्या सोनोग्राफीत पित्ताचा खडा दिसला. ऑपरेशन झालं, बाई ठणठणीत झाली, मग माळ घालून गेली आणि माळेने खडा पाडला म्हणून सगळीकडे सांगत सुटली. ते ऐकून जिभाऊ पोट धरून हसले. हसताना कळ येत होती, तरी हसत होते. त्यांना एवढं हसताना मी नंतर पाहिलं नाही.

थंडी सुरू व्हायच्या सुमाराला ते गेले. शेवटी अंथरुणावरही वाकूनच असायचे. भेटायला गेलं की हात उचलवत नसे, तरी अंगठा पापणीकडे यायचा. मग मीच खाली वाकून डोळा दाखवायचो.

दिवसकार्य झालं, आणि त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी एक नवरा-बायको विचारत विचारत ओट्यापाशी आले. शहराबाहेर इच्छापोरला कंत्राटी कामावर होते. बाईचे डोळे गिरणीतूनही पिवळे दिसत होते. त्यांना परत पाठवावं म्हणून मी उठलो, तेवढ्यात माई दारात आल्या. कुंकू नव्हतं, हात ओले होते. त्यांनी ते पदराला पुसले, अंगठा बाईच्या पापणीला लावला.

"डोया दखाड, बहीन."

नीट पाहिलं. मग विचारलं, "दवाखानामा जाई उनात का?"

नवरा म्हणाला, आधी माळ घालू म्हटलं, मग बघू.

"मंग उठा," माई म्हणाल्या. "पहिले ते. मी आठेच शे, कोठे जात नही."

तो माझ्याकडे बघायला लागला, त्याला रस्ता माहीत नव्हता. मी गिरणी बंद केली, दळणवाल्यांना दुपारी यायला सांगितलं आणि स्कूटर काढली.