पाच नंबरचं सिलिंडर

पिंपळगाव बसवंतला हायवेच्या कडेला गेणूभाऊंचं गॅरेज होतं आणि त्याला लागूनच त्यांच्या बायकोची, कुसाबाईंची, चहाची टपरी. पंचवीस वर्षं मी ट्रक चालवला, पण गेणूभाऊंसारखा हट्टी मेकॅनिक पाहिला नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि दुखणं सांगून मोकळं व्हायचं. आम्ही ड्रायव्हर त्यांना डॉक्टर म्हणायचो.

सत्त्याण्णवच्या सुमाराला डॉक्टरांचेच कान गेले. तीस वर्षं त्या धडधडीत उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? सगळ्या पिंपळगावला ते ठाऊक होतं. गेणूभाऊ मात्र कबूल करत नसत. काहीही विचारलं तरी "होईल, होईल" म्हणायचे, आणि आम्ही पाठ फिरवून हसायचो. मीही हसलोय, खोटं कशाला बोलू.

नव्व्याण्णव साली ऐन द्राक्षाच्या हंगामात पेट्या भरून मुंबईला निघालो, तर गावाबाहेर पडेपर्यंत ट्रकचं इंजिन मिसिंग करायला लागलं. गाडी जुनी, सहा सिलिंडरची. दम नाही, मागे पांढरा धूर आणि केबिन नुसती थडथडतेय. गाडी गेणूभाऊंकडे घातली. माझे मालक धनराजशेठ मोटारसायकलवर मागोमाग आलेच. महिन्यापूर्वी गेणूभाऊंनी त्यांच्या दुसऱ्या ट्रकचं भलतंच नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी, उघडून दिवस घालवला होता. शेठ ते विसरले नव्हते. आज चुकलं तर चारही गाड्या सातपूरच्या गॅरेजला जातील, असं त्यांनी हातवारे करून बजावलं. त्या चार गाड्यांवरच तर गॅरेज चाललं होतं.

बंद सिलिंडर शोधायची रीत सोपी. इंजिन चालू ठेवून एकेका सिलिंडरच्या डिझेल पाइपचा नट ढिला करायचा. सिलिंडर चांगलं असेल तर डिझेल तुटताच इंजिनाचा आवाज पडतो. आवाज आहे तसाच राहिला, तर तेच सिलिंडर मेलेलं. म्हणजे सगळी मदार कानावर. गेणूभाऊंनी सहाही नट ढिले करून पुन्हा कसले, डोळे मिटले आणि दोन बोटं वर केली.

"पाच," कुसाबाई टपरीतून म्हणाल्या.

गेणूभाऊंना ते ऐकूच गेलं नाही. ते दोन नंबरवर पाना लावायला निघाले. कुसाबाई रोज हायवेवरच्या आवाजावरून ट्रक ओळखून आधीच चहा टाकायच्या, तेव्हा त्यांचा कान काय होता हे मला माहीत होतं. त्या उठून आल्या आणि नवऱ्याचं मनगट धरून पाच बोटं दाखवली.

गेणूभाऊ चिडले, लाल झाले. चारचौघांत बायकोने हात धरला होता. मला वाटलं, आता झिडकारतात. पण ते तिच्याकडे बघत राहिले आणि पुन्हा पहिल्या नटाला पाना लावला. या वेळी डोळे उघडे होते आणि लक्ष तिच्या चेहऱ्यावर. एक, दोन, तीन, चार, दर वेळी कुसाबाईंच्या कपाळाला आठी पडली. पाचला पडली नाही. सहाला पुन्हा पडली. पाचचं नोझल काढलं, तर तोंड काजळीने पार बुजलेलं.

शेठ खूश झाले. पाठीवर थाप मारून त्यांनी कानाकडे बोट केलं आणि मोठ्याने म्हणाले, कान शाबूत आहेत की तुमचे. गेणूभाऊंना गप्प बसता आलं असतं.

"माझे नाय, शेठ. हिचे," ते म्हणाले. "मला दोन वर्सं झाली, काय बी ऐकू येत नाय."

आम्ही सगळे खाली बघू लागलो. हसलेल्या माणसांना अशा वेळी तोंड कुठे लपवावं कळत नाही, आणि मला तर फार लाज वाटली. शेठ म्हणाले, गाड्या इथंच येतील, पण वहिनी हजर पाहिजेत. कुसाबाईंनी ते खुणेने नवऱ्याला समजावलं.

नवीन नोझल बसवल्यावर मी इंजिन चालू केलं. आवाज एकसारखा लागला. खिडकीतून हात काढून मी गेणूभाऊंना फर्स्टक्लास अशी खूण केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते कुसाबाईंकडे बघत होते, आणि कुसाबाईंनी मान डोलावल्यावरच त्यांनी पाना खाली ठेवला.