दादाचा हात कापत नाही

गाडी शिकवणाऱ्या बाईंना त्यांचे विद्यार्थी पाठीमागे ‘ब्रेकबाई’ म्हणत. बाईंच्या कानावर ते आलं होतं आणि मनातून त्यांना ते आवडतही असे. शिकाऊ गाडीत शेजारच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक असतो. शिकणाऱ्याने गोंधळ घातला की बाईंचा पाय आधी पोचायचा. आरडाओरडा नाही, डोळे वटारणं नाही. गाडी थांबली की एवढंच विचारायच्या, "हं, आता सांगा, काय दिसलं नाही?"

त्यांना स्वतःला गाडी शिकवली ती थोरल्या भावाने. दादा लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर. नवरा गेल्यावर बहीण घरात मिटून बसली, तेव्हा तोच तिला ओढून रिकाम्या मैदानावर घेऊन गेला. ती रडली तरी त्याने स्टिअरिंग सोडू दिलं नाही. म्हणून दादाचा शब्द तिने कधी खाली पडू दिला नव्हता.

दादा प्यायचा. बसवर असताना थेंबही नाही, पण सुट्टी असली की धरबंध नसे, आणि पिऊन घरची गाडी तो खुशाल चालवायचा. आई वर कौतुकाने सांगायची, "पोटात कितीही असू दे, माझ्या लेकाचा हात कापत नाही." दिवसभर लोकांना रस्त्याचे नियम पढवणाऱ्या ब्रेकबाई तिथे मात्र तोंडाला कुलूप लावून बसत.

दादाच्या घरी त्याच्या निवृत्तीचं जेवण होतं. गच्चीवर त्याची जुनी मंडळी सकाळपासूनच जमली होती. जेवणं उरकली, तशी आई थकली. ती बाईंकडेच राहायची, तिला घरी जाऊन पडायचं होतं. "एवढी भांडी विसळते आणि निघू," बाई म्हणाल्या. तोच बाहेर गाडीचं दार आपटलं. खिडकीतून पाहिलं, तर आई मागच्या सीटवर आणि स्टिअरिंगवर दादा. बाई आपली शिकाऊ गाडीच घेऊन आल्या होत्या; टेबलावरची तिची किल्ली त्याने कधी उचलली, कळलंही नाही.

"सोडू दे की त्यांना," वहिनी म्हणाली. "इथल्या इथे तर जायचंय."

बाई ओल्या हातांनीच धावल्या. गाडी हलली होती. दार उघडून त्यांनी स्वतःला शेजारच्या सीटवर कसंबसं आत लोटलं. आत दारूचा भपकारा होता.

"दादा, थांब. मी चालवते."

"तुला कोणी शिकवलं गं चालवायला?" तो हसला आणि त्याने गाडी उताराला घातली.

वाद घातला तर तो मान वळवून बोलेल, याची बाईंना धास्ती होती. त्यांनी चपला पायातून काढल्या, एक पाय क्लचवर ठेवला, दुसरा ब्रेकवर. मागे आईची बडबड चालू होती. डाव्या बाजूला उभ्या असलेल्या मोटारींचे आरसे हातभर अंतरावरून सटासट मागे जात होते. त्याला ते दिसत होते की नाही, देव जाणे. त्याचे हात खरोखरच कापत नव्हते.

उताराच्या तळाशी एक रंगारी खांद्यावर शिडी घेऊन रस्ता ओलांडत होता. लांब शिडी, तिने अर्धा रस्ता अडवलेला. बाईंनी ब्रेकवरच्या पायाला अंदाज घेऊ दिला. दादाने त्याच्या बाजूचा ब्रेक दाबला असता, तर इकडचं पेडलही खाली गेलं असतं. ते जागचं हललं नाही. उलट इंजिन ओरडलं.

बाईंनी दोन्ही पाय जीव खाऊन रोवले.

टायर किंचाळले. शिडी बॉनेटवर आदळली आणि रंगारी रस्त्यावर बसला. आईचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. मग सगळं एकदम शांत झालं.

"मी दाबतच होतो ब्रेक," दादा म्हणाला.

"नाही दादा. तू दाबला नाहीस." बाईंनी किल्ली काढून मुठीत घेतली. "ते माझ्या पायाला कळतं."

रंगाऱ्याचं कोपर सोलवटून निघालं होतं, मनगट सुजत चाललं होतं. "बाई, ब्रेक जरा उशिरा लागला असता तर..." तो म्हणाला. माणसं जमली. दादा खाली उतरून टपावर हात आपटत सांगू लागला, की हिला मी शिकवलं आणि हीच मला चारचौघांत उताणा पाडते. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. जमलेल्यांपैकी एकाने विचारलं, कोण चालवत होतं? त्यांनी भावाकडे बोट दाखवलं. पोलीस आले, तेव्हाही तेच सांगितलं.

दादाचं लायसन्स काही काळासाठी गेलं. त्याने बहिणीशी बोलणं टाकलं. "घरातलं घरात ठेवता आलं असतं," वहिनी म्हणाली. बाईंना वाटलं, आता आईही तोंड फिरवणार. पण कपाळावर टेंगूळ घेऊन बसलेली म्हातारी सुनेला म्हणाली, "मी मागे बसून बघत होते. तो माणूस ह्याला दिसलाच नाही. मीच त्याला डोक्यावर बसवलं."

पुढे रंगाऱ्याचं मनगट बरं झालं, तेव्हा बाई त्याला भेटायला गेल्या. बोलता बोलता तो म्हणाला, "तुमचे भाऊ येऊन गेले. दोनदा. चालत आले होते."

"काय म्हणाले?"

"काही नाही. हात बघितला, चहा घेतला. त्या दिवशी मला नीट दिसलं नाही, आता चष्मा लावतो, म्हणाले. मी म्हटलं, दोष डोळ्यांचा नव्हता, दारूचा होता. मग कप ठेवून उठले."

बाईंनी ही गोष्ट घरी कोणालाच सांगितली नाही, आणि आपल्याला ती कळलीय हे दादालाही कळू दिलं नाही.