बशीचा आवाज

माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. माझ्या धाकट्या भावाच्या, सुधीरच्या हातातला कप बशीवर किणकिणू लागला. गोळ्यांमुळे होतं ते. डॉक्टरांनी समजावलं होतं, की मेंदूत डोपामिनचे निरोप फार वाढले की नसलेले आवाज ऐकू येतात. गोळी ते निरोप अडवते. पण हात स्थिर ठेवणारे निरोपही डोपामिनचेच, कधी कधी तेही अडतात. त्याला ते आवाज ऐकू यायचे तेव्हा मी घाबरायचो. त्या दिवशी बशीच्या खऱ्या आवाजाला घाबरलो. पाहुण्यांची नजर तिकडे वळली आणि मी जे बोललो, त्याने अजून मान खाली जाते.

"थंडी वाजतेय त्याला."

भर एप्रिलात! सुधीरने माझ्याकडे पाहिलं. "हो दादा," म्हणत तो उठला आणि त्याने पंखा बंद केला.